अर्धवट भोक

रविवारी कॅम्पातल्या मासळी बाजारातून
तिसऱ्या आणल्या, दोन वाटे.
रातोरात चोर्ल्याचा घाट चढून आलेल्या, ओल्या गोणपाटात.
धुताना एक रिकामी निघाली,
पोटात नुसती वाळू,
आणि बिजागरीजवळ भोक.

सोमवारी खिशात घालून उद्यमबागेत नेली.
सव्वीस वर्षं रेडियल ड्रिलवर उभा आहे मी.
भोक बघून हात ओळखतो.
व्हर्नियर लावला : वर दोन पॉइंट चार, आत दीड.
कडेला उतार दिलेला, चक्क काउंटरसिंक.
बर नाही, तडा नाही,
बिट घसरल्याची रेघ नाही कुठं.
आणि माल काय, तर चुना!
मी दाबला असता तर बोटात चुरा उरला असता.

मडिवाळप्पा मासळीला शिवत नाही.
चिमट्यात धरून त्यानं शिंपला ट्यूबलाइटसमोर नेला,
भोकातून माझ्याकडे बघितलं :
"याव मशीन री?"

मशीन नाही बाबा, गोगलगाय. समुद्रातली.
बर्फ फोडता फोडता कारवारच्या सेबेस्तीननं सांगितलेलं :
वाळूखाली ती तिसरीला मिठीत घेते,
ॲसिड लावते, थांबते,
जिभेवरच्या दातांनी खरवडते.
पुन्हा ॲसिड.
दोन दिवस, तीन दिवस, एकाच जागी.
मग सोंड आत सोडते
आणि घरच्या घरी जेवावं तशी जेवते.

"कूलंट?"
थुंकी.
"शिफ्टला नग किती?"
अर्धासुद्धा नाही.
"मग हिला कामावर कोण ठेवणार?"
हसलो. तेवढ्यात सुपरवायझर वळला इकडे.

दुसऱ्या शिंपल्याचं मडिवाळप्पाला बोललो नाही.
तो ताटात सापडला, चोखून झाल्यावर.
पाठीवर भोक, पण अर्धवट.
आमचं ड्रिल मधोमध खोल जातं;
हिच्या भोकाच्या तळाला मधेच बारीक उंचवटा,
अंगठ्याला लागतो.
लाट आली असेल, खेकडा आला असेल,
काहीतरी झालं
आणि ती काम टाकून गेली.

ही वाचली होती.
वाचून, तोंड गच्च मिटून, घाट चढून
माझ्या चुलीपर्यंत आली होती
आणि उकळत्या पाण्यात
बाकीच्यांबरोबरच उघडली.

शिंपला ड्रिलच्या डब्यात आहे,
अडीच एमएमच्या खणात.
बिट काढताना रोज आधी तोच हाताला लागतो.