बाभळीचं टेबल

दस्तगीर मुल्लाणी म्हणाला, बाराशे.
मी म्हटलं, पाय तीनच टेकतायत.
तो म्हणाला, चौथा विचार करतोय, ताई.
साडेसातशेला पटलं.

गुडघ्याइतक्या उंचीवर एक काळपट रेघ:
कृष्णा इथवर येऊन गेलेली.
'पूर बघितलेलं लाकूड हाय,
आता कशाला भितंय हे!'
असं म्हणत त्यानं हातगाडीचे दीडशे
वेगळे काढून घेतले.

घर नवं नाही, फक्त माझं आहे.
विश्रामबागेच्या मागे, दुसरा मजला, दीड खोली.
हप्ते एकशे ऐंशी, त्यातले चार फिटले.
आजवर ओट्याला टेकून उभ्यानंच जेवत आले,
एसटी चुकणार असल्यासारखी.

निवृत्ती मेस्त्रींनी नखानं टोकरलं,
वास घेतला,
जीभ लावायची तेवढी बाकी ठेवली.
सागवान आहे ना?
'कुठलं सागवान, बाभूळ आहे ही.
वाळवीचे दात पडतील.
आधी ऐंशी नंबरचा पेपर, मग एकशेवीस, मग दोनशेवीस.
आणि रेषेच्या अंगानं घासा, बाई.
आडवं घासाल तर ओरखडे जन्मभर बोलत राहतील.'
फी म्हणून दोन कप चहा.
शिकंजा उसना ठेवून गेले.

रविवारी गॅलरीत रद्दी अंथरली.
हिरवा निघाला, त्याखाली निळा,
निळ्याखाली कचेरीतला असतो तसला करडा,
आणि मग फळ्यांच्या सांध्यांतून
पिवळं.

आधी वाटलं, भुसा.
ठसका लागला तेव्हा कळलं.

गणपती पेठेतल्या कुठल्याशा पेढीवर
याच्यावर हळकुंडं मोडून बघत असणार,
आत केशरी की फिकट.
रुमालाखाली बोटं दाबून भाव सांगत असणार,
मग त्याच बोटांनी खण ओढत असणार.
रंगाचे तीन हात, वर एक महापूर,
आणि ही बसली होती आत, भेगेत, गुपचूप.

पेपर पिवळा झाला. नखं. कोपरापर्यंत हात.
घाम पुसला तिथं कपाळ.
डास चावला तिथं मान.

कुसनाळे काकू गच्चीवरून पापड घेऊन उतरत होत्या.
थबकल्या.
'अगं बाई, कुणाची हळद?'
'टेबलाची,' मी म्हटलं.

हसल्या नाहीत.
माझं वय त्यांना ठाऊक आहे, त्रेचाळीस.
तीन स्थळं त्यांनीच आणली होती,
तिसऱ्याची पत्रिका परत द्यायची राहून गेली.
काही न बोलता घरात गेल्या.
मला वाटलं, झालं, आता संध्याकाळभर जिना तापणार.
परत आल्या त्या हातात एक बनियन घेऊन,
धुऊन धुऊन जाळी झालेला.
'पॉलिशला मऊ कापड लागतं. ह्यांचा आहे.
दोन वर्षं उगाच घडी करून ठेवला होता.'
आणि पापड मोजू लागल्या, मोजलेलेच.

चपडा स्पिरिटमध्ये रात्रभर भिजत घातला.
बनियनचा बोळा केला.
आठाच्या आकड्यात हात फिरवायचा, थांबायचं नाही,
थांबलात की डाग, असं मेस्त्रींचं सांगणं.
मी एकदाच थांबले. डाग आहे.
पुराची रेघही आहे; ती मी फार घासली नाही.
बाकी लाकूड ओल्या गुळासारखं दिसतंय,
मधूनच पिवळ्याची एखादी शीर.

चौथ्या पायाचा विचार अजून चाललाय.
त्याच्याखाली ती पत्रिका घातली, चार घड्या करून.
बरोबर तेवढीच फट होती.

काल बसून जेवले.
ताट हललं नाही.
आमटीत हळद घालायची विसरले होते म्हणे,
म्हणजे मला आज डबा घासताना कळलं.
बोटांना लागलेली पुरली असावी.