ऐच्छिक

पहिल्या मसुद्यात एकवीस प्रश्न होते.
अक्कलकोट रोड एमआयडीसीत, शेडवरच्या माळ्यावर,
खाली माग धडधडतायत, टेबलावरचा चहा थरथरतोय
आणि मी टाइप करतेय :
आमची चादर आपल्याला किती आवडली?

पेंटय्यामामा जॉबर. वंगणाचा हात मागे धरून
स्क्रीनवर वाकले.
"आवडली हे तूच ठरवलीस की.
मग त्यांना काय विचारतीस?"

खोडला.

पुढचा होता : रंग आणि वीण कशी वाटली?
"हिल्डच्या एका डोळ्यातनं दोन धागे ओवलेस.
आता कळंल का, कुठला तुटला?"
तेलुगूत आणखी काहीतरी म्हणाले,
ते मी प्रश्नावलीत घेतलं नाही.

एकवीसचे अकरा झाले, अकराचे चार.
आधी कारखान्यातच वाटून पाहिले.
विड्या सोडून इथं कडा शिवायला आलेली रुक्माक्का
पाच चांदण्या बघून हसायला लागली :
"गच्चीवर झोपतो आम्ही उन्हाळाभर.
मोजायच्या तर वरच्या मोजू.
तू हे विचार, धुतल्यावर आटली का?"
माझ्या यादीत हा नव्हताच.
पहिला केला.

मग पाठवणी.
चैत्रात, दुपारी दोनला लिंक सोडली.
बावीसशे नंबर, उत्तरं नऊ,
त्यातली दोन आमच्याच सेल्समनची.
कोपऱ्यावर क्यूआर कोड शिवला,
पहिल्याच धुण्यात असा विटला
की मोबाइल त्याला ओळख देईना.
दहा टक्के सूट जाहीर केली, तर
ज्यांनी चादर घेतलीच नव्हती
तेही म्हणाले, फार मऊ.

शेवटी रात्री नऊला, जेवणं उरकल्यावर,
चादर पोचून तीन आठवडे झाले की,
म्हणजे निदान एकदा दोरीवर वाळून आली की,
नाव घालून, एका ओळीत :
कौसरबी, दोन मिनिटं आहेत का?
आणि दोन म्हटलं तर दोनच.
आईकडून भरून घेताना घड्याळ लावलं होतं मी.
चष्मा शोधायचा वेळ धरला नाही.

उत्तरं यायला लागली.
आटली. नाही आटली.
थोडी आटली, पण आमचे हेही जाड झालेत.
लाल रंग उशीच्या अभ्र्याला लागला, हे सतरा जणांनी.
सतराच्या सतरा छापून डायिंगवाल्याला नेऊन दिली.
तो चिडला. दोन दिवस फोन उचलला नाही.
मग सोड्याचं माप बदललं.

आणि तो शेवटचा रकाना,
आणखी काही सांगायचंय?
ज्याच्यापुढे मी बारीक अक्षरात लिहिलंय, ऐच्छिक,
त्यात रात्री पावणेबाराला उदगीरहून कुणीतरी :
"एका कडेला धागा सैल आहे.
लेक तो बोटाला गुंडाळून झोपते.
तक्रार नाही.
विचारलंत म्हणून सांगितलं."

माझ्या शीटमध्ये दोनच रंग आहेत.
तक्रारीला लाल, कौतुकाला हिरवा.
कर्सर त्या ओळीवर लुकलुकत राहिला.
मी तशीच घरी गेले.

सकाळी लॉट नंबर काढला. चौथा माग.
मामांनी फणी उजेडाला धरली :
काठाशी एक दात वाकलेला,
इतका, की सांगितल्यावरच दिसावा.
"बदलावी लागंल," म्हणाले, आणि बदलली.
दुपारपर्यंत माग चालू झाला.
कडा आता सरळ येतीय.

जुनी फणी मात्र भंगारात गेली नाही.
त्यांच्या डब्याच्या पिशवीमागे, भिंतीला टेकून उभी आहे.
कशाला ठेवली, मी विचारलं.
माग जोरात चालू होते.
ऐकू गेलं नसेल,
किंवा त्यांनीही तो ऐच्छिक धरला असेल.