एकच जागा

हिऊमा बेटाच्या उत्तर टोकाला दोन घरं,
मधे जुनिपरची काटेरी झुडपं
आणि पन्नास वर्षांचा अबोला.
मी दोन्हीकडे टपाल टाकतो.
सख्ख्या बहिणी. टपालपेट्यासुद्धा
एकमेकींकडे पाठ करून ठोकलेल्या.

कारण? कुणी सांगतं गाय,
कुणी आईचा हातमाग.
माझा बाप सांगायचा, युद्धाच्या शरदात
रात्री स्वीडनला बोट सुटली,
तीत एकच जागा उरली होती.
ही म्हणाली तू जा, ती म्हणाली तू.
तोवर बोट गेली.

साल्मे सही करता करता म्हणते,
"तिकडे काल अकरापर्यंत दिवा होता.
डोळे घालवणार थेरडी."
दोरीवरचे मोजे ती खिडकीतून मोजते.
तिकडच्या बटाट्यांना कीड लागली
की इकडे चार घास जास्त जातात.

आणि विल्मा नाक वर करून हुंगते,
"आज पुन्हा पाव करपवला तिनं.
आई जीव तोडून सांगायची, भट्टीचं दार..."
मग एकदम गप्प होते,
पाकीट उलटंसुलटं करत राहते.

माझी बायको तालिनला निघून गेली,
त्याला बारा वर्षं झाली.
तिच्याबद्दल मनात वाकडं काही नाही.
फक्त ती कप कुठल्या हातात धरायची
ते आठवत नाही.

जानेवारीत समुद्र गोठला
त्या आठवड्यातली गोष्ट.
विल्माच्या धुराड्यातून धूर नव्हता.
बर्फात गुडघाभर खोल पावलं,
साल्मेच्या दारातून निघालेली,
झुडपांतून सरळ, वाट न शोधता.
दार कुऱ्हाडीनं फोडलेलं.
जमिनीवर विल्मा, खुबा मोडलेला,
अंगावर साल्मेचा कोट.

विल्मा मला म्हणाली,
"तिला विचार, सहाला धूर दिसला नाही,
मग आठपर्यंत काय करत होती?"
साल्मेही मलाच म्हणाली,
"तिला सांग, कुऱ्हाड शोधत होते.
माझी हिनंच नेली होती, बोटीच्या आदल्या वर्षी.
हिच्याच पडवीत सापडली.
धारसुद्धा लावून ठेवलेली."

मी मधे उभा,
पत्ता नसलेल्या पाकिटासारखा.

अँब्युलन्स आली.
स्ट्रेचरशेजारी एकच जागा.
ड्रायव्हरनं विचारलं, कोण येतंय?
कुणीच काही बोललं नाही.
विल्मानं डोळे मिटले, घट्ट,
पोरं लपाछपीत मिटतात तसे.
साल्मे चढली. शिव्या देत चढली,
बुटाचा बर्फ मुद्दाम आत झाडत.
दार लागेपर्यंत ऐकू येत होतं,
"दूध घालू नका हिच्या लापशीत,
पचत नाही मेलीला, लहानपणापासून."

मी घरी आलो. चहा केला.
कप उजव्या हातात धरून पाहिला,
मग डाव्या.