पाणी कुठं मुरतंय

"मऊ म्हणजे कसं?"
बेलार्मिनो गाडीखालून विचारतो.
छातीपर्यंत आत, बाहेर नुसते बूट,
डाव्या बुटाला नाडीऐवजी विजेची तार.

ऑरेलिया सीटच्या अगदी कडेवर.
पाय ब्रेकपर्यंत जेमतेम पोचतोय.
"मऊ म्हणजे मऊ, आजोबा."
"तसं नाही चालत.
लोणी मऊ असतं, चिखल मऊ असतो,
कुजलेली पायरीसुद्धा मऊ असते.
नीट सांग."

अठ्ठ्याहत्तरची फोर्ड, एकेकाळची हिरवी.
मागच्या चाकाला ओढ्यातला धोंडा लावलेला,
हौद्यात पिन्यॉनची लाकडं,
बाई युफेमियाकडे काल संध्याकाळीच पोचायची होती ती.
घाटाच्या तिसऱ्या वळणावर पेडल खाली गेलं
आणि खालीच राहिलं.
बेलार्मिनोनं गिअर उतरवला, हँडब्रेक ओढला,
न्यू मेक्सिकोतल्या सगळ्या संतांची नावं घेतली,
काहींची दोनदा.

आता सकाळ. पाटाच्या कडेला पातळ बर्फ.
मागची दोन्ही चाकं काढून झाली:
ड्रम कोरडे, लायनिंग बरं,
सिलिंडरच्या रबरी टोप्या उचकटून पाहिल्या, आत धूळच.
पाइपवरून बोट फिरवलं टोकापासून टोकापर्यंत,
आजारी जनावराच्या पाठीवरून फिरवतात तसं.
ओल नाही. जमिनीवर डाग नाही.
डब्यातलं तेल परवा होतं तिथंच.
मग पेडल जातं कुठं?

"पंप कर. भराभर. चार वेळा."
ती करते.
"वर आलं?"
"थोडं."
"स्पंजासारखं? दाबलं की परत ढकलतं?"
ती डोळे मिटते. बुटातला पाय ऐकत असल्यासारखी.
"नाही. आधी लागतं काहीतरी.
मग जातं.
हळूहळू.
आजी झोपेत हात सोडायची ना, तसं."

गाडीखाली पाना थांबतो.

मग तीन क्लॅम्प.
पुढच्या दोन नळ्यांना दोन, मागच्या एकीला एक,
हलक्या हातानं, रबर चिरू नये म्हणून.
आता चाकांकडे थेंबही जाणार नाही.
"दाब. धरून ठेव."
पलीकडच्या कुरणात कुणाची तरी गाय खोकते.
"जातंय," ती म्हणते. "तरीही जातंय."

म्हणजे वरचा मास्टर सिलिंडरच.
आतली रबराची वाटी झिजलीय,
तेल तिच्या कडेनं मागं सरकतं
आणि आपल्याच डब्यात परत येऊन बसतं.
बाहेर सांडत नाही, कमी होत नाही,
बघणाऱ्याला सगळं भरलेलं दिसतं.

तो सरपटत बाहेर येतो, कोपर झटकतो.
"लास व्हेगासला मिळेल. आपल्या इथल्या,
त्या जुगारवाल्या नव्हे. साठ-सत्तर डॉलर."
ऑरेलिया पाय काढत नाही.
"आजोबा, हे कालच सुरू झालं?"

तो क्लॅम्प पुसतो. आधीच पुसलेला.
"कोकरं झाली तेव्हापासून,"
शेवटी म्हणतो. "थोडं थोडं.
दोनदा दाबायची सवय लागली पायाला.
मग पायानं मला सांगणंच सोडलं."

कोकरं मार्चमध्ये झाली होती.
तेव्हापासून रोज सकाळी शाळेच्या फाट्यापर्यंत
ती याच सीटवर, गुडघ्यावर दप्तर,
खिडकीची काच अर्धी, कारण ती अर्धीच उतरते.
दोघंही हा हिशेब करतात.
कुणी मोठ्यानं करत नाही.

"पाय काढ आता," तो म्हणतो.
ती काढते. पेडल वर येतं,
निर्दोष, चकचकीत,
मधल्या रेघा झिजून गेलेलं.

दुपारी युफेमियाची लाकडं
हातगाडीतून जातात, चार खेपांत.
चढावर तो ओढतो, उतारावर ती मागून धरते,
टाचा मातीत रुतवून.
"जड आहे?" तो वळून विचारतो.
"जड म्हणजे कसं?" ती म्हणते.