रिकाम्या खोलीचे सेकंद

या खोलीतली एकही भिंत दुसरीला समांतर नाही.
मुद्दामच.
आवाजाला दोघींच्या मध्ये झोके घेत बसता येऊ नये म्हणून.
छतापासून वाकड्या फळ्या लोंबतात,
कुणी हरता डाव हवेत भिरकावून द्यावा
आणि पत्ते खाली पडायचेच राहावेत, तशा.

वूच शहरातली जुनी कापडगिरणी.
आता इथे आवाज किती लवकर मरतो ते मोजतात.

आधी रिकामी खोली.
हाल्श्का जाड दार लावून घेते,
आत गोंगाट सोडते, मग एका बोटाने तोडते.
पडद्यावर रेघ उतरू लागते
कठडा धरून जिना उतरणाऱ्या माणसासारखी.
आठ पूर्णांक चार सेकंद.

मग जमिनीवर नमुना अंथरायचा:
टाकून दिलेल्या कोटांच्या चिंध्या दाबून केलेला नमदा,
बारा चौरस मीटर.
पुन्हा गोंगाट, पुन्हा बोट.
एक पूर्णांक नऊ.
गणित केलं की शोषणाचा आकडा निघतो
आणि तो कधी कधी एकाच्या वर जातो,
म्हणजे आला त्याहून जास्त आवाज गिळला.
"कडांचा खोडसाळपणा," हाल्श्का म्हणते,
"गिऱ्हाइकाच्या कागदावर एकच लिही."
मी एकच लिहितो.
वरचे नऊ शतांश माझ्याकडे राहतात.

मंगळवारी रिकामी खोलीच चुकली.
सात पूर्णांक आठ. पुन्हा सात पूर्णांक आठ.
हवेतला दमटपणा पाहिला, मायक्रोफोन बदलले,
हाल्श्काने पोलिशमध्ये जे म्हटलं ते इथे लिहीत नाही.
शेवटी कोपऱ्यातल्या फळीआड सापडला
फरशी पुसणाऱ्या जेनोवेफाबाईंचा कोट.
शून्य पूर्णांक तीन चौरस मीटर, अस्तरासकट.

बाई कोट न्यायला आल्या.
एकतीस वर्षं याच छपराखाली मागावर होत्या;
कानांचा वरचा मजला तेव्हाच रिकामा झाला.
आम्ही ओरडून सांगितलं, कोटाने काय केलं ते.
त्यांनी तळवा भिंतीला टेकवला.
"एकशे बारा नंबरचा माग इथं होता."
मी विचारलं, तो बंद केल्यावर
आवाज जायला किती वेळ लागायचा?
"बंद कधी व्हायचा? तीन पाळ्या होत्या."

मग म्हणाल्या, "माझं किती भरतं ते बघा."
खोलीच्या मधोमध उभ्या राहिल्या, कोट काढून,
हात अंगाशी, फोटोला उभं राहावं तशा.
गोंगाट. बोट. रेघ.
अर्ध्या चौरस मीटरहून थोडं जास्त.
फॉर्मवर त्यासाठी रकाना नव्हता;
हाल्श्काने समासात पेन्सिलीने लिहिलं.

बाईंनी आकडा दोनदा वाचून घेतला.
"एवढंच?" म्हणाल्या.
"मला वाटलं होतं, मी पुष्कळ गिळलंय."

कोट चढवला, बादली उचलली,
आणि जाताना ते जाड दार असं आपटलं
की चहाचे पेले हलले.
आत ते किती वेळ राहिलं कोण जाणे.
आम्ही सगळे बाहेर होतो.