पाणी बघायची ड्यूटी

रात्री दहा ते पहाटे पाच,
बावधनच्या रस्त्याकडेला, मोरीच्या खाली,
ओढ्याच्या काठी एका उपड्या घमेल्यावर
मी बसते.
काम काय, तर पाणी बघायचं.
हजेरी साडेपाचशे, चहा वेगळा.

घरी सांगितलं तेव्हा सासू हसली होती.
पाण्याकडे बघायचे पैसे देतात होय?
मग आम्ही जन्मभर फुकटच बघत आलो की.

वर रस्त्यावर दुलालचं मशीन घुरघुरतं.
डांबर न फोडता, जमिनीच्या पोटातून
ते आडवी नळी नेतात
ह्या काठावरून त्या काठाला, ओढ्याच्या तळाखालून.
केबल कुणाची, मला माहीत नाही.
नळीच्या तोंडाला सारखा पाजावा लागतो
राखाडी चिखल,
शाडूसारखा मऊ, बोटाला बुळबुळीत,
आत भोक ढासळू नये म्हणून.
आणि तोच चिखल कधीमधी फट बघून वर येतो,
न सांगता, नको तिथे.

म्हणून मी.
दर अर्ध्या तासाला बाटली भरायची,
मोरीच्या वरच्या अंगाची एक, खालच्या अंगाची एक.
बाटलीमागे बोट धरायचं, पुढून बॅटरी मारायची.
बोट दिसलं तर ठीक.

तसा हा ओढा काही सोवळ्यातला नाही.
निर्माल्याच्या पिशव्या, कुणाची तरी एकच चप्पल,
सोसायट्यांचं साबणपाणी.
ढमढेरे साहेब म्हणालेच पहिल्या रात्री,
आधीच गटार आहे, मैनाबाई,
टाकीत उरलेलं मोरीत सोडून दिलं
तर कुणाला कळणार?
मी म्हटलं, साहेब,
आजारी माणसाच्या तोंडावर उशी दाबली
तर कुणाला कळतं?
ते गप्प. मग म्हणाले, टँकर मागवतो.

मी बघितलंय ना.
मागल्या साली, दुसरी साइट, दुसरा ठेकेदार.
सकाळी ओढा पांढरा.
मला वाटलं, वर कुणी दुधाचे कॅन धुतले.
दगडांवर साय धरलेली,
आणि खेकडे काठावर चढून बसलेले
रेशनच्या दुकानापुढे बसावं तसे.
हुसकलं, तरी पाण्यात जाईनात.

काल रात्री, दोन चाळीस.
दोन दगडांमधून एक बुडबुडा.
मग दुसरा.
बेडूक असेल म्हणून वाट बघितली,
तेवढी माझी चूक.
मग एक धागा सुटला, राखाडी,
सुईत ओवता यावा इतका बारीक,
आणि पाण्यात उसवत चालला.

शिट्टी गळ्यात होती, पण थंडीने ओठ जुळेनात.
नुसतीच ओरडले, दुलाऽऽल, बंद!
त्याला मराठी फारसं येत नाही.
बंद कळतं.

मशीन थांबलं
आणि ओढा ऐकू आला,
आठवड्यात पहिल्यांदा.

वाळूच्या गोण्या आधीच भरून ठेवल्या होत्या, चोवीस.
आम्ही चौघं गुडघाभर पाण्यात.
झाडाला करतात तसं त्या धाग्याभोवती आळं केलं.
इलाहीने टँकरची सोंड आत सोडली.
ढमढेरे साहेब घड्याळ बघत उभे,
मग पँट दुमडून तेही उतरले,
बूट काढायचे विसरून.

मशीन काही पुन्हा सुरू झालं नाही.
त्याचा हिशोब वर जाईल, कुणीतरी बोलणी खाईल,
बहुधा दुलाल.

पहाटे वही भरायची असते.
तिच्यात शेरा नावाचा रकाना आहे,
तिथे रोज मी आडवी रेघ मारते.
काल लिहिलं, जोडाक्षरं चुकवत:
अकरावी बाटली गढूळ.
बारावी गढूळ.
तेरावी, सांगता येत नाही.
चौदावीत बोट दिसलं,
नखातला चिखल, तोही.