विसाव्या मिनिटाला

पडद्याच्या जागी चादर, खिडक्यांना पुठ्ठे.
तरी अटाकामाचं ऊन फटीतून घुसतं
आणि माहितीपटातल्या अटाकामावर
एक पट्टा ओढतं.

निवेदकाचा आवाज छान, खर्जातला.
थंड सागरी प्रवाह, पर्जन्यछाया, मीठ.
येर्को वहीत वाऱ्याचे बाण काढतोय.
मग कॅमेरा उंच उंच जातो, आवाज म्हणतो :
इथे काहीच जगत नाही.

"पुल्गा!" दानित्सा किंचाळते.
खाली, उजव्या कोपऱ्यात, मुंगीएवढी
एक कुत्री रस्ता ओलांडते आहे.
मी मागे नेते. परत एकदा.
पुल्गाच. तीच तीन पायांवरची चाल.
"बाई, मागून टँकर! म्हणजे मंगळवार!"
सगळा वर्ग चादरीपाशी.
टँकरच्या खिडकीतून बाहेर आलेलं
एक कोपर. ठिपकाच खरं तर.

दानित्सा काही बोलणार असते, बोलत नाही.
येर्कोचा बाप तेव्हा टँकर चालवायचा.
तेव्हा होता.

येर्को पेन्सिल खाली ठेवतो.
"बाई, पुढे नका ना नेऊ."

मी हात काढून घेते.
ऊन सरकत सरकत रस्त्यापर्यंत येतं.

पर्जन्यछाया उद्या.